तोपकापी राजवाडा एका दिवसात: इस्तंबूलला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात तोपकापीच्या वाट्याला बहुधा दीड-दोन तास येतात. तेवढ्यात हिरा बघून होतो, राजवाडा राहून जातो. स्वतःच्या हिशोबाने एक अख्खा दिवस काढून जाणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर आणि व्हिसाचे नियम सारखे बदलत असतात, म्हणून तिथे आकडे न देता काय तपासायचं तेवढं सांगितलं आहे.

तोपकापी म्हणजे नेमकं काय?

ऑटोमन सुलतानांचा राजवाडा. १४५३ मध्ये दुसऱ्या मेहमदने कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जिंकलं आणि १४५९ च्या सुमारास या राजवाड्याचं काम सुरू केलं. पुढची जवळजवळ चारशे वर्षं साम्राज्याचा कारभार इथून चालला. १८५६ मध्ये सुलतान अब्दुलमजीद बॉस्फरसच्या सामुद्रधुनीच्या काठावरच्या दोल्माबाहचे या नव्या, युरोपीय थाटाच्या राजवाड्यात राहायला गेला आणि तोपकापी मागे पडला. प्रजासत्ताक आल्यावर ३ एप्रिल १९२४ रोजी त्याचं संग्रहालय करायचं ठरलं.

जागा अशी निवडली आहे की नकाशा बघितल्यावर दाद द्यावीशी वाटते. बॉस्फरस, गोल्डन हॉर्नची खाडी आणि मर्मरा समुद्र जिथे एकमेकांना भेटतात, त्या टोकावरच्या टेकडीवर हा राजवाडा आहे. त्याच्याही आधी, बायझँटियम या ग्रीक शहराचा बालेकिल्ला इथेच होता. इस्तंबूलच्या ऐतिहासिक भागाचा हिस्सा म्हणून १९८५ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे.

फोटोत तर बैठ्या इमारती दिसतात. एवढ्या लांब जाऊन निराशा होणार नाही ना?

व्हर्सायसारखा एक प्रचंड दर्शनी भाग, भव्य जिना आणि झुंबरांचे दिवाणखाने डोक्यात ठेवून गेलात तर होईल. तोपकापी ही एक इमारत नाहीच. एकामागे एक चार चौक, प्रत्येक चौकाला दरवाजा, आणि चौकांभोवती गरजेप्रमाणे बांधलेल्या, वाढवलेल्या, जळाल्यावर पुन्हा उभ्या केलेल्या वास्तू. मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे: वाड्यात पाहुण्याची योग्यता तो कितव्या चौकापर्यंत येतो यावरून कळायची, तसंच इथे.

पहिल्या चौकात प्रजेला येता येत असे. दुसऱ्यात दरबारी काम असलेल्यांना, आणि तेही घोड्यावरून उतरून. त्या दरवाजातून घोड्यावर बसून फक्त सुलतान जाई. तिसऱ्या चौकात पाय ठेवणं म्हणजे सुलतानाच्या खासगी जगात शिरणं. परदेशी वकिलालासुद्धा त्या दारालगतच्या दालनापर्यंतच मजल मारता येई. चौथा चौक म्हणजे सुलतानाची बाग. आज आपण तिकीट काढून तासाभरात चारही दरवाजे ओलांडतो. तेव्हा वजिरांची अख्खी कारकीर्द दुसऱ्या चौकात निघून जाई. सत्ता इथे उंचीने दाखवलेली नाही, अंतराने दाखवली आहे. हे मनात ठेवून चाललात की बैठ्या इमारती खटकत नाहीत.

किती वेळ लागतो?

हरमसकट, म्हणजे जनानखान्यासकट, नीट बघायला पाच तास धरा, जेवण आणि टेकणं वेगळं. ज्यांना वस्तुसंग्रहालयांचा कंटाळा आहे त्यांचं तीन तासांत उरकतं. दोन तासच हाती असतील तर माझ्या मते खजिना सोडा आणि हरम बघा. जडजवाहीर जगात इतरत्रही पाहायला मिळेल.

कोणत्या दिवशी आणि किती वाजता जावं?

मंगळवारी राजवाडा बंद असतो. ही एक गोष्ट लक्षात न ठेवल्यामुळे बंद दारावरून परतणारे लोक दर आठवड्याला दिसतात. एरवी सकाळी ९ ला उघडतो आणि संध्याकाळी ६ ला बंद होतो, पण तिकीट विक्री त्याच्या बरीच आधी थांबते. रमजान ईद आणि बकरी ईदच्या काळात जाणार असाल तर त्या दिवसांच्या वेळा अधिकृत संकेतस्थळावर आधी पाहून घ्या.

पावणेनऊला दरवाजाशी उभं राहणं सगळ्यात उत्तम. साडेदहानंतर बोटींवरच्या प्रवाशांचे आणि बसगाड्यांचे जथे येतात. तेवढं लवकर जमणार नसेल तर दुपारी दोनच्या आसपास जा. गर्दी ओसरायला लागलेली असते, पण मग वेळेची ओढाताण होते. बुधवारी सकाळी आदल्या दिवशी राहिलेले लोकही येतात, तेव्हा निवडता येत असेल तर गुरुवार बरा.

तिकीट कुठे काढायचं? हरमचे पैसे वेगळे असतात का?

राजवाडा तुर्कस्तानच्या राष्ट्रीय राजवाडे विभागाकडे आहे. तुर्की भाषेत त्याचं नाव मिल्ली सारायलार. त्यांच्या संकेतस्थळावर किंवा दुसऱ्या दरवाजाजवळच्या तिकीट खिडकीवर तिकीट मिळतं. परदेशी पाहुण्यांचा दर स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि लिरा घसरत असल्याने तो वरचेवर वाढतो. एखाद्या वर्षापूर्वीच्या लेखात वाचलेला आकडा धरून बजेट करू नका.

हरम आणि आया इरिनी चर्च पूर्वी वेगळ्या तिकिटावर होती, अलीकडे एकत्रित तिकीटही असतं. पैसे देण्याआधी एवढंच विचारा: यात हरम आहे का? शहरातल्या बऱ्याच संग्रहालयांचे मिळून जे पास विकले जातात, त्यांत तोपकापी धरलेला असेलच असं समजू नका. अगदी लहान मुलांना तिकीट लागत नाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. कार्ड चालतं. यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा अथवा निवास परवाना असेल तर अटींवर ई-व्हिसा घरबसल्या मिळू शकतो. नसेल तर व्हिसा केंद्रावर कागदपत्रं देऊन रीतसर अर्ज करायचा आणि त्यासाठी काही आठवडे हाताशी ठेवायचे. ई-व्हिसाची सरकारी साइट एकच आहे. तिच्यासारखी दिसणारी, दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खासगी पानं शोधयंत्रात वरती येतात, तेव्हा पत्ता नीट वाचा.

अमेरिकेला जाताना इस्तंबूलला दहा तासांचा थांबा आहे. तेवढ्यात जमेल?

कागदावर जमतं. विमानतळ शहराच्या मध्यापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे. जाऊन येऊन तीन तास, इमिग्रेशन आणि परतीची सुरक्षा तपासणी यांचे आणखी तीन. उरले चार. विमान पहाटे उतरून दुपारी पुढचं असेल तर हरम आणि तिसरा चौक बघून परत फिरता येईल; रात्रीचा थांबा असेल तर राजवाडाच बंद. बाहेर पडायला व्हिसा लागतो, हे नुसता थांबा असला तरी लागू आहे. टर्किश एअरलाइन्स लांब थांब्याच्या प्रवाशांना फुकट शहरदर्शन घडवते, पण त्यात कोणत्या दिवशी काय दाखवतील ते त्यांच्या वेळापत्रकावर.

एक मात्र आपल्या बाजूने असतं: इस्तंबूलचं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे आहे, त्यामुळे मुंबईहून गेलेल्याला सकाळी लवकर जाग येतेच.

तिथवर पोहोचायचं कसं?

टी१ ट्रामने. सुलतानअहमत थांब्यावर उतरलात तर आया सोफियाला वळसा घालून मागच्या बाजूला या. तिसऱ्या अहमदचं १७२८ सालचं नक्षीदार कारंजं दिसलं की समोरच पहिला दरवाजा. गुल्हाने थांब्यावर उतरलात तर पुरातत्त्व संग्रहालयाच्या बाजूने चढ चढून थेट पहिल्या चौकात निघता. जाताना पहिला रस्ता आणि उतरताना दुसरा, असं केलं तर गुडघे दुवा देतात.

नव्या विमानतळावरून एम११ मेट्रोने गायरेत्तेपे, तिथे एम२ पकडून येनीकापी, मग मारमाराय या लोकल रेल्वेने सिर्केजी. सिर्केजीहून ट्रामचा एक थांबा किंवा थोडी पायपीट. आशियाई बाजूच्या साबिहा गोकचेन विमानतळावरून एम४ मेट्रो आणि आयरिलिक चेश्मेसीला बदलून मारमाराय. या सगळ्याला इस्तंबूलकार्ट हे एकच कार्ड चालतं आणि एका कार्डावर घरातले दोघं-तिघं जाऊ शकतात. टॅक्सीने सुलतानअहमतपर्यंत येऊ नका. वाहतुकीत अडकाल आणि मीटरकडे बघत बसाल.

आत गेल्यावर कोणत्या क्रमाने बघावं?

बहुतेक लोक सरळ चालत तिसऱ्या चौकातल्या खजिन्याकडे जातात. तुम्ही दुसऱ्या चौकात आल्याबरोबर डावीकडे वळा आणि हरम आधी करा. तिथल्या वाटा अरुंद आहेत, एक मोठा गट पुढे असला की संपूर्ण फेरी त्यांच्या पाठी बघत होते. हरमची फेरी साधारणपणे तिसऱ्या चौकात बाहेर पडते. मग खजिना, पवित्र अवशेष, चौथा चौक आणि परतताना दुसऱ्या चौकातली स्वयंपाकघरं आणि दिवाणखाना. काही ना काही भाग दुरुस्तीसाठी बंद असतोच, तेव्हा आत शिरतानाच विचारून घ्या.

पहिल्या चौकात थांबण्यासारखं काही आहे का?

आहे, आणि तिथे फिरायला तिकीट लागत नाही. डाव्या हाताला आया इरिनी हे चर्च. ५३२ च्या निका दंगलीत आधीचं जळालं, मग सम्राट जस्टिनियनने पुन्हा बांधलं. ७४० च्या भूकंपानंतर त्याची पुन्हा डागडुजी झाली. आत मूर्तिचित्रं नाहीत, नुसता एक काळा क्रूस आहे, कारण त्या काळात बायझँटाइन साम्राज्यात चित्रांवर बंदी होती. ऑटोमनांनी याची मशीद केली नाही, शस्त्रागार केलं. आता तिथे मैफली होतात.

दुसऱ्या दरवाजाजवळ उजवीकडे भिंतीत एक साधं कारंजं आहे. शिरच्छेद केल्यावर जल्लाद तिथे हात आणि तलवार धूत, असं सांगतात. पाटी बारीक आहे, शंभरातले नव्वद लोक त्याला टेकून सेल्फी काढतात आणि पुढे जातात.

दुसऱ्या चौकातल्या स्वयंपाकघरांत बघण्यासारखं काय आहे?

माझ्या मते राजवाड्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. १५७४ च्या आगीनंतर दरबारी वास्तुकार मिमार सिनानने ही स्वयंपाकघरं नव्याने उभी केली. बाहेरून दिसणारी उंच धुराड्यांची रांग त्यांचीच. रोज हजारो पानं इथून उठत. जानिसारी, म्हणजे सुलतानाचे खडे सैनिक, पगाराच्या दिवशी या चौकात जमत आणि त्यांना सूप वाढलं जाई. त्यांनी सूपाला हात लावला नाही की राजवाड्यात सगळे हादरत; कढई पालथी घातली तर ते उघड बंडच. १८२६ मध्ये दुसऱ्या महमुदने ही फौज मोडून काढेपर्यंत कित्येक सुलतान आणि वजीर या कढईच्या भीतीत राहिले.

आत चिनी मातीच्या भांड्यांचा संग्रह आहे. दहा हजारांहून अधिक चिनी नग, चीनबाहेर क्वचितच सापडेल असा. अर्थातच थोडे मांडलेले असतात. फिक्या हिरव्या सेलाडॉनच्या ताटांत विषारी अन्न वाढलं तर ताटाचा रंग बदलतो, असा समज होता. त्या समजामुळे विष टळलं असेल नसेल, ताटं मात्र जपली गेली.

समोरच्या कोपऱ्यात कुब्बेआल्ती, म्हणजे वजिरांच्या मंडळाचा दिवाणखाना. आतल्या भिंतीत वर एक सोनेरी जाळीची खिडकी आहे. सुलतान तिच्या मागे बसून कामकाज ऐके, किंवा ऐकत नसे. खाली बसलेल्यांना कधीच कळत नसे की आज वर कोणी आहे की नाही, आणि खिडकीचा उपयोग तोच होता.

हरम टीव्ही मालिकांत दाखवतात तसा आहे का?

नाही, आणि म्हणूनच बघावा. मालिकांत ऐसपैस महाल असतात. इथे तीनशेच्या वर खोल्या आहेत, त्यातला थोडा भाग खुला आहे, आणि बऱ्याच खोल्या लहान, थंड, अंधाऱ्या. हा जनानखाना होता, शाळा होती, दासींची बराक होती आणि राजकारणाचा अड्डाही. आधी सुलतानाचं कुटुंब शहरातल्या जुन्या राजवाड्यात राहत असे; सुलेमानच्या काळात त्याची राणी हुर्रम सुलतान इथे राहायला आली आणि तिसऱ्या मुरादच्या काळात, म्हणजे १५७४ नंतर, हा भाग झपाट्याने वाढला.

फेरी खोजांच्या, म्हणजे खच्ची केलेल्या सेवकांच्या, अंगणापासून सुरू होते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले हे लोक हरमचे रक्षक, आणि त्यांचा प्रमुख साम्राज्यातल्या सर्वांत वजनदार माणसांपैकी एक. पुढे राजमातेचं अंगण. मालिकांत सुलतानाच्या आवडत्या राणीभोवती सगळं फिरतं, पण इथली वास्तुरचना पाहिली तर सत्तेच्या मधोमध राजमाता बसलेली दिसते: राण्यांच्या खोल्या एका बाजूला, सुलतानाच्या दुसऱ्या, आणि मधल्या वाटा तिच्या दारावरून.

तिसऱ्या मुरादची खोली चुकवू नका. १५७८ ची, सिनानची. भिंतीतल्या कारंजाकडे बघा, मग इझनिक गावच्या, भिंतीवर जडवलेल्या फरशांमधल्या लाल रंगाकडे. तो पोवळ्यासारखा उठावदार लाल पुढच्या शतकातल्या कारागिरांना तितकासा साधला नाही. शेजारी तिसऱ्या अहमदची १७०५ ची छोटीशी खोली आहे, जिच्या भिंतींवर नुसती फळं आणि फुलं रंगवली आहेत. माणूस चार पावलं टाकतो आणि सव्वाशे वर्षं ओलांडतो.

आणि राजपुत्रांच्या खोल्या. १५९५ मध्ये तिसरा मेहमद गादीवर आला तेव्हा त्याच्या एकोणीस भावांना गळा आवळून मारलं गेलं. वारसा-युद्ध टाळायचा हा रूढ मार्ग होता. त्याच्या मुलाने, पहिल्या अहमदने, १६०३ मध्ये भावाला जिवंत ठेवलं आणि मग राजपुत्रांना मारण्याऐवजी कोंडून ठेवायची पद्धत पडली. वर्षानुवर्षं बंद खोल्यांत वाढलेले काही जण पुढे अचानक सुलतान झाले. रंगीत काचांच्या, सुंदर फरशांच्या त्या खोल्यांत उभं राहून हे आठवलं की फोटो काढायचा हात जरा थांबतो.

नादिरशहाने दिल्लीहून नेलेलं मयूरसिंहासन तिथे आहे म्हणतात, खरं का?

मयूरसिंहासन नाही. तसं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला. पण गोष्टीत थोडं तथ्य आहे. संग्रहालयाच्या खजिन्यात नादिरशहाच्या नावाने ओळखलं जाणारं एक सिंहासन आहे: सोन्याचा पत्रा, मीनाकाम, माणकं, पाचू, मोती. घडण भारतीय मानली जाते. १७३९ मध्ये दिल्ली लुटल्यानंतर नादिरशहाचं ऑटोमनांशी युद्ध झालं, १७४६ मध्ये तह झाला आणि दोन्ही दरबारांनी एकमेकांना भेटी पाठवल्या. इराणकडून हे सिंहासन आलं.

तिकडून आलेल्याला तोलामोलाचं म्हणून सुलतान पहिल्या महमुदने पाठवलेल्या नजराण्यात एक खंजीर होता. मुठीवर तीन मोठे पाचू, टोकाला पाचूच्याच झाकणाखाली एक बारकं घड्याळ. वकिलात वाटेत असतानाच १७४७ मध्ये नादिरशहाचा खून झाला आणि मंडळी खंजीर घेऊन माघारी आली. आज संग्रहालयातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू तीच. सिंहासन आणि खंजीर दोन्ही एकाच सौद्यातले, आणि दोन्ही एकाच घरात राहिले.

आणि तो मोठा हिरा?

८६ कॅरटचा, भोवती ४९ लहान हिऱ्यांचं दुहेरी कोंदण. उकिरड्यावर सापडला आणि सापडणाऱ्याने तीन चमच्यांच्या बदल्यात देऊन टाकला, अशी दंतकथा आहे. काचेपुढे रांग थांबू देत नाहीत. दोन मिनिटं मिळतील, तेवढी पुरतात.

पवित्र अवशेषांच्या दालनात मुस्लिमेतरांना जाता येतं का? कपड्यांचं काय?

सगळ्यांना जाता येतं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत; स्त्रियांनी ओढणी जवळ ठेवावी. आवाज बारीक ठेवायचा. १५१७ मध्ये पहिल्या सलीमने इजिप्त जिंकल्यानंतर यातले बरेच अवशेष इथे येत गेले. पैगंबरांचा अंगरखा, दाढीचा केस, तलवारी. मोझेसची म्हणून दाखवली जाणारी काठीसुद्धा आहे. आत कुराणपठण चालू असतं. बाजूला बसलेला पठण करणारा माणूस प्रत्यक्ष असतो, ध्वनिमुद्रण नव्हे.

हे अवशेष जवळ असणं हा ऑटोमन सुलतानांच्या खलिफापदाचा एक आधार होता. शाळेत शिकलेली खिलाफत चळवळ याच पदासाठी होती. ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेने खलिफापद रद्द केलं, आणि बरोबर महिन्याने तोपकापीचं संग्रहालय करायचा निर्णय झाला. तारखा शेजारी ठेवल्या की नव्या प्रजासत्ताकाला काय म्हणायचं होतं ते कळतं.

फोटो काढू देतात का?

चौकांत, बागेत, हरममध्ये हो. खजिन्यात आणि पवित्र अवशेषांच्या दालनात नाही. पहारेकरी लगेच टोकतात. फ्लॅश आणि सेल्फीची काठी बॅगेतच राहू द्या.

चौथ्या चौकापर्यंत जायचा कंटाळा आला तर?

जा. पाय दुखत असले तरी जा. चौथ्या मुरादने १६३८ मध्ये बगदाद जिंकलं आणि त्या आठवणीसाठी बांधलेला बगदाद कोश्क (कोश्क म्हणजे बागेतला छोटा महाल) तिथे आहे: आतून निळ्या फरशा, शिंपल्याचं जडावकाम, आणि बसायला खिडक्यांशी बैठका. त्याच्या समोर संगमरवरी गच्चीवर सोनेरी छत्री आहे, रमजानमध्ये सुलतान तिथे उपास सोडत असे. तिथून गोल्डन हॉर्न दिसतं. पलीकडे, मेजिदिये कोश्कच्या गच्चीवरून बॉस्फरस, मर्मरा आणि समोरचा आशियाचा किनारा. हा कोश्क १८४० चा, राजवाड्यातली शेवटची भर. नंतर सोळा वर्षांनी सुलतानाने बाडबिस्तरा हलवला.

शाकाहारी जेवणाची सोय होते का?

राजवाड्याच्या आत उपाहारगृह आहे. दृश्याचे पैसे जास्त, जेवणाचे कमी असं समजून बसा. सकाळी पोटभर न्याहारी करून जाणं आणि दुपारी बाहेर पडून जेवणं हे जास्त परवडतं.

बाहेर गोझलेमे, म्हणजे पालक, बटाटा किंवा चीज भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी, सगळीकडे मिळते. सिमित हा तिळाचा कडक पाव, भाजलेली कणसं, थंडीत चेस्टनट, आणि आयरान नावाचं खारट ताक. मेर्जिमेक हे मसुराचं सूप छान असतं, पण काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा विचारा. मांस नको हे सांगायला ‘एत्सिज’ म्हणायचं. त्यात कोंबडी धरलीच आहे असं समजू नका. ‘तावुक दा योक’, कोंबडीही नको, असं जोडीला सांगा. अंडं नको असेल तर ‘युमुर्ता’ हा शब्द लक्षात ठेवा.

गोड खाताना एक सावधगिरी. तावुक गोसू नावाची पांढरी शुभ्र, दुधाची मऊ वडी दिसते. ती ऑटोमन मुदपाकखान्याची खासियत, आणि तिच्यात कोंबडीच्या छातीचे बारीक धागे असतात. चवीला अजिबात कळत नाही, म्हणूनच सांगतोय. तिचीच करपवलेली बहीण काझानदिबी. तिच्यातही कधी असतात, कधी नसतात. शाकाहाऱ्यांनी सुतलाच मागवावी, ती भाजलेली तांदळाची खीर आहे.

आईवडील सत्तरीचे आहेत, बरोबर लहान मुलंही आहेत. झेपेल?

चौक बऱ्यापैकी सपाट आहेत, बाकं आहेत, झाडांची सावली आहे. त्रास होतो तो दगडी फरसबंदीचा आणि हरममधल्या उंबरठ्यांचा, पायऱ्यांचा. चाकाची खुर्ची चौकांतून जाते, हरमची फेरी मात्र तिच्याने पूर्ण होत नाही. ढकलगाडीचंही तसंच. ज्येष्ठांना दुसऱ्या चौकातल्या झाडाखाली बसवून बाकीच्यांनी हरम करून यावं, मग सगळ्यांनी मिळून चौथ्या चौकात जावं. मुलांना शस्त्रांचं दालन आवडतं. मांजरं त्याहून आवडतात, आणि ती इथे भरपूर आहेत. मोठ्या बॅगा हॉटेलवर ठेवा, प्रवेशाला क्ष-किरण तपासणी असते.

गाइड घ्यावा का? दरवाजाशी लोक मागे लागतात.

परवानाधारक गाइडच्या गळ्यात ओळखपत्र असतं. ते मागा. चांगला गाइड हरमला अर्थ आणतो, खजिन्यात त्याची गरज पडत नाही. ध्वनी-मार्गदर्शक यंत्रही मिळतं. मराठीची अपेक्षा अर्थातच नको.

चौकात कोणी आपुलकीने ‘आज राजवाडा बंद आहे, तोवर माझ्या भावाचं दुकान बघा’ म्हणाला तर ते गालिच्याचं दुकान असतं. बुटाला पॉलिश करणारा समोरून जाताना ब्रश पाडतो. तुम्ही उचलून दिलात की आभार म्हणून पॉलिश करतो आणि मग पैसे मागतो. ब्रश पडू द्या.

त्याच दिवशी आया सोफिया आणि निळी मशीदही होईल का?

तिन्ही पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत, म्हणून सगळे हाच बेत करतात आणि संध्याकाळी कोणती फरशी कुठली ते आठवत नाही. तोपकापीनंतर एकच गोष्ट निवडा. आया सोफिया २०२० पासून पुन्हा मशीद आहे. पर्यटकांना वरच्या सज्ज्यात वेगळ्या तिकिटावर सोडतात, शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी नाही. पायांत त्राण असेल तर ती दुसऱ्या सकाळी करावी. निळ्या मशिदीला तिकीट नाही, नमाजाच्या वेळा टाळून अर्ध्या तासात होते.

मला विचाराल तर उतरून एमिनोन्यूच्या धक्क्यावर या आणि पलीकडच्या आशियाई काठावरच्या उस्कुदार किंवा कादिकोयची साधी, रोजच्या प्रवाशांची बोट पकडा. दिवसभर ज्यात फिरलात तो राजवाडा पाण्यावरून पहिल्यांदा एकसंध दिसतो: धुराडी, न्यायाचा मनोरा, खाली झाडी. इस्तंबूलकार्ट इथेही चालतं.

कोणता ऋतू चांगला?

एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. एप्रिलमध्ये शेजारच्या गुल्हाने बागेत ट्युलिप फुललेले असतात. या फुलाचं वेड ऑटोमन दरबारात तिसऱ्या अहमदच्या काळात टोकाला गेलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी. जानेवारीत पाऊस, कधी बर्फ, पण हरम जवळजवळ तुमच्या एकट्याचा.

२०२५ पासून भारतात तुर्कस्तानवर बहिष्काराची भाषा आहे. जाता येतं का?

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर अनेक भारतीय टूर कंपन्यांनी तिथली बुकिंग थांबवली, पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं. जावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. जाणार असाल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना वाचा आणि रद्द करता येईल असंच हॉटेल-तिकीट घ्या.

माझ्याकडे फक्त मंगळवारच आहे. आता?

दोल्माबाहचे मंगळवारी उघडा असतो; तो सोमवारी बंद. टी१ ट्रामने शेवटच्या काबाताश थांब्यापर्यंत जा, तिथून चालत. सुलतान तोपकापी सोडून जिथे गेले तो हा राजवाडा, आणि प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याचा मृत्यूही १० नोव्हेंबर १९३८ रोजी इथेच झाला. तोपकापीत न सापडलेला भव्य जिना आणि झुंबर, दोन्ही तिथे आहेत. मसाल्याचा बाजार वाटेत लागतो, तोही मंगळवारी चालू असतो. ग्रँड बाजार मात्र रविवारी बंद, म्हणजे दिवस शनिवार-रविवारकडे सरकवणार असाल तर तेही बघून ठेवा.